प्रवेशद्वारावरचा सन्मान

(सशस्त्र सेना ध्वजदिनानिमित्त माजी सैनिक, वीरमाता व वीरपत्नी यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



१९४९ पासून ७ डिसेंबर हा दिवस आपण सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळतो. या दिवशी सैनिकांच्या शौर्याविषयी बोलले जाते आणि ते उचितच आहे. परंतु गणवेष उतरवून ठेवल्यानंतर सैनिकाचा समाजाशी जो नित्याचा संबंध येतो, तो रणांगणावर येत नाही. तो येतो कचेरीच्या खिडकीपाशी, रुग्णालयाच्या रांगेत, एस. टी. च्या थांब्यावर आणि एखाद्या उद्यानाच्या प्रवेशद्वारापाशी. त्या ठिकाणी त्याला आणि त्याच्या कुटुंबीयांना कशी वागणूक मिळते, यावरून समाजाच्या कृतज्ञतेची खरी परीक्षा होते.

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो वरकरणी अगदी लहान आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत माजी सैनिकांना आणि सेवेत प्राण वेचलेल्या सैनिकांच्या कुटुंबीयांना राष्ट्रीय उद्यानांत विनामूल्य प्रवेश देण्यात येतो. मोठ्या राष्ट्रीय उद्यानात एका मोटारीमागे सात दिवसांसाठी साधारणतः ३५ डॉलर प्रवेशशुल्क असते आणि अमेरिकी रहिवाशाला वर्षभराचा पास ८० डॉलरला मिळतो. त्या देशाच्या राहणीमानाचा विचार करता ही रक्कम फार मोठी नाही. तरीही या सवलतीला तहहयात हक्काचे रूप मिळेपर्यंत बराच काळ गेला, अनेक माता-पित्यांचे दुःख तिच्यामागे उभे राहिले आणि अखेर तिला कायद्याचा आधार द्यावा लागला. असे का झाले, आणि त्यापासून आपण काय घ्यावे, याचा थोडा विचार आपण करू.

सैनिकांनी राखलेली वने

प्रथम एका शंकेचे निरसन केले पाहिजे. सैनिकाचा आणि उद्यानाचा संबंध काय, असे कोणी विचारील. अमेरिकेच्या बाबतीत हा संबंध फार जुना आहे.

यलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखले जाते. त्याची स्थापना १ मार्च १८७२ रोजी झाली. उद्यान जाहीर झाले; परंतु त्याचे रक्षण करण्यासाठी पुरेसा पैसा नव्हता, माणसे नव्हती आणि शिकाऱ्यांना शासन करणारा कायदाही नव्हता. लोक प्राणी मारीत, उष्ण झऱ्यांभोवतालचे खडक फोडून नेत, जंगलांना आगी लावीत. शेवटी ऑगस्ट १८८६ मध्ये घोडदळाची एक तुकडी तेथे पाठविण्यात आली. ही व्यवस्था तात्पुरती आहे, असे सर्वांना वाटले होते. प्रत्यक्षात ती १९१८ पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे चालली.

या सैनिकांच्या हाती अधिकार थोडे होते. चोरट्या शिकाऱ्याला पकडले तरी त्याचे सामान जप्त करून त्याला हद्दीबाहेर घालवून देणे, एवढेच त्यांना करता येई. मार्च १८९४ मध्ये बर्फाळ प्रदेशात बायसन नावाच्या रानगव्यांची हत्या करणारा एक शिकारी पकडला गेला. त्या बातमीने लोकमत प्रक्षुब्ध झाले आणि दोन महिन्यांच्या आत उद्यानातील वन्य प्राण्यांना संरक्षण देणारा कायदा संमत झाला. या रानगव्यांची संख्या पुढे १९०२ च्या सुमारास पंचविसाच्या आसपास येऊन ठेपली होती. आज यलोस्टोनमध्ये त्यांचे कळप हजारोंच्या संख्येने चरतात. त्यांचा वंश टिकला, यात त्या बत्तीस वर्षांच्या पहाऱ्याचा मोठा वाटा आहे.

कॅलिफोर्नियातील योसेमिटी आणि सेक्वोया या उद्यानांचे रक्षणही सुरुवातीची अनेक वर्षे सैन्याकडेच होते. १९०३ च्या उन्हाळ्यात सेक्वोया उद्यानाची जबाबदारी कॅप्टन चार्ल्स यंग या कृष्णवर्णीय अधिकाऱ्याकडे आली. त्यांचा जन्म १८६४ मध्ये गुलामगिरीत असलेल्या माता-पित्यांच्या पोटी झाला होता. वेस्ट पॉइंट येथील सैनिकी प्रबोधिनीतून १८८९ मध्ये उत्तीर्ण झालेले ते तिसरे कृष्णवर्णीय पदवीधर होत. त्यांच्या घोडदळातील जवानांनी त्या एका उन्हाळ्यात महाकाय वृक्षांच्या वनापर्यंत गाडीरस्ता पूर्ण करून दिला. आधीच्या तीन उन्हाळ्यांत मिळून झाले नव्हते, एवढे काम त्यांनी एका हंगामात केले. स्थानिक लोकांनी एका वृक्षाला त्यांचे नाव देण्याचे ठरविले, तेव्हा त्यांनी तो मान नाकारला आणि शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांचे नाव सुचविले. त्या वृक्षापर्यंत सामान्य माणसाला जाता यावे यासाठी रस्ता करणाऱ्या या जवानांना स्वतःच्या देशातील कित्येक उपाहारगृहांत आणि आगगाडीच्या डब्यांत मात्र त्या काळी प्रवेश नव्हता, ही गोष्टही विसरून चालणार नाही.

२५ ऑगस्ट १९१६ रोजी राष्ट्रीय उद्यान सेवा हे स्वतंत्र खाते निर्माण झाले. त्या खात्यातील वनरक्षक आजही डोक्यावर जी रुंद काठाची टोपी घालतात, ती मूळची सैन्याचीच आहे.

याशिवाय अमेरिकी यादवी युद्धाच्या रणभूमीही उद्यानांच्या रूपाने जतन करण्यात आल्या आहेत. चिकमॉगा व चॅटनूगा ही रणभूमी १८९० मध्ये, शायलो १८९४ मध्ये, गेटिसबर्ग १८९५ मध्ये आणि व्हिक्सबर्ग १८९९ मध्ये सैनिकी राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाली. ही स्थळे पूर्वी युद्धखात्याकडे होती. १९३३ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान सेवेकडे सोपविण्यात आली. अशा रीतीने त्या देशात ‘उद्यान’ या शब्दात वनाबरोबर स्मृतिस्थळांचाही समावेश होतो. जी भूमी सैनिकांनी राखली, जिच्यात सैनिक पुरले गेले, तिच्या द्वारापाशी सैनिकाकडून पैसे घ्यावेत काय, हा प्रश्न त्यामुळे केवळ महसुलाचा राहत नाही.

मागून मिळणारे आणि आपण होऊन दिलेले

कृतज्ञता आणि व्यवहार यांचा मेळ घालणे कोणत्याही देशाला सोपे गेलेले नाही. पहिल्या महायुद्धात लढलेल्या अमेरिकी सैनिकांना १९२४ च्या कायद्याने एक वाढीव मोबदला मान्य करण्यात आला. पण त्याची पूर्ण रक्कम १९४५ मध्ये मिळावयाची होती. मध्यंतरी महामंदी आली. बेकार झालेले हजारो माजी सैनिक १९३२ मध्ये बायकामुलांसह वॉशिंग्टन येथे जमले आणि आमचे पैसे आम्हांला आताच द्या, अशी मागणी करू लागले. त्या वर्षीच्या २८ जुलैला जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्या हुकमतीखालील फौजेने अश्रुधुराचा वापर करून त्यांना राजधानीतून हुसकावून लावले. त्यांच्या झोपड्या जळाल्या. ज्या सैन्यातून ते निवृत्त झाले होते, तेच सैन्य त्यांच्यावर चालून आले.

पुढच्याच वर्षी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी बेकार तरुणांना वनीकरण, मृद्‌संधारण आणि उद्यानांची कामे देणारे नागरी संधारण दल उभारले. ते मूळचे तरुणांसाठी होते. परंतु मे १९३३ मध्ये त्यांनी वयाची अट दूर सारून २५,००० माजी सैनिकांना त्यात प्रवेश दिला. चाळिशीकडे झुकलेली ही माणसे रोपे लावू लागली, पायवाटा बांधू लागली. त्यांचा राहिलेला मोबदला त्यांना १९३६ मध्ये मिळाला.

या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. दोन्ही प्रसंगी माणसे तीच होती आणि सरकारी तिजोरीची ओढाताणही तशीच होती. एका वेळी त्यांच्याकडे गर्दी म्हणून पाहिले गेले; दुसऱ्या वेळी, ज्यांचे आपण देणे लागतो अशी माणसे म्हणून पाहिले गेले. शासनाच्या दृष्टीत पडलेला हा फरक पुढील सर्व सवलतींच्या मुळाशी आहे.

सोनेरी तारा

आता मी कुटुंबीयांकडे वळतो. कारण या योजनेचा खरा गाभा तेथे आहे.

१९१७ मध्ये ओहायो राज्यातील रॉबर्ट क्वायसर या सैनिकी अधिकाऱ्याने, ज्यांचे दोन पुत्र सेवेत होते, घराच्या खिडकीत लावण्यासाठी एक लहान ध्वज तयार केला. घरातील जितकी माणसे युद्धसेवेत, तितके निळे तारे त्यावर असत. त्यांपैकी कोणी कामी आले, तर त्या निळ्या ताऱ्यावर सोनेरी तारा शिवला जाई. रस्त्याने जाणाऱ्याला त्या घरावर काय प्रसंग ओढवला आहे, ते न विचारता कळे. सेवेत प्राण वेचलेल्यांच्या कुटुंबाला तेथे ‘गोल्ड स्टार’ कुटुंब म्हणतात, ते यावरून.

वॉशिंग्टनमधील ग्रेस सीबोल्ड या मातेचा वैमानिक मुलगा जॉर्ज १९१८ मध्ये फ्रान्समध्ये बेपत्ता झाला. तो जखमी होऊन नाव न कळता एखाद्या रुग्णालयात पडला असेल, या आशेने ती रुग्णालयांतून हिंडून जखमी सैनिकांची विचारपूस करू लागली. मुलगा गेल्याचे कळल्यावरही तिने तो परिपाठ सोडला नाही. तिच्याच पुढाकाराने १९२८ मध्ये पुत्र गमावलेल्या मातांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. युरोपातील युद्धस्मशानांत पुरलेल्या आपल्या मुलांच्या थडग्यांपर्यंत सरकारने आम्हांला न्यावे, ही या मातांची मागणी होती. १९२९ मध्ये तसा कायदा झाला आणि १९३० ते १९३३ या काळात साडेसहा हजारांहून अधिक माता आणि विधवा सरकारी खर्चाने युरोपला जाऊन आल्या.

या उदात्त उपक्रमालाही एक डाग लागला. कृष्णवर्णीय मातांना वेगळ्या आणि कमी दर्जाच्या बोटींतून पाठविण्याचे सरकारने ठरविले. त्यांच्यापैकी काहींनी ते निमंत्रण परत केले. मुलाच्या थडग्याचे दर्शन आयुष्यात पुन्हा घडण्याची शक्यता नव्हती, तरीही त्यांनी तसे केले. मित्रहो, सन्मान देताना त्यात उच्चनीच भाव आला, तर तो स्वीकारण्यापेक्षा नाकारणे माणसाला अधिक मानाचे वाटते. योजना आखणाऱ्या प्रत्येकाने या मातांची आठवण ठेवावी.

सवलतीपासून कायद्यापर्यंत

आता विनामूल्य प्रवेशाच्या योजनेचे टप्पे पाहू. अपंग नागरिकांना, ज्यांत युद्धात अपंगत्व आलेले सैनिकही येतात, १९८० पासून तहहयात विनामूल्य पास देण्यात येऊ लागला. मे २०१२ मध्ये सेवेत असलेले सैनिक व त्यांच्यावर अवलंबून असणारे कुटुंबीय यांना वर्षभराचा मोफत पास देण्याचे ठरले. निवृत्त झालेला सामान्य सैनिक आणि वीरगती प्राप्त झालेल्यांचे कुटुंब मात्र या व्यवस्थेबाहेर राहिले. म्हणजे मुलगा सेवेत असेपर्यंत घरच्यांना मोफत प्रवेश होता. तो कामी आला की त्या पासाचा आधारही संपत असे. नियम लिहिणाऱ्यांच्या मनात असे काही नव्हते, परंतु नियमाचा अर्थ तसा होत होता.

ही विसंगती ११ नोव्हेंबर २०२० रोजी, म्हणजे त्या देशाच्या माजी सैनिक दिनी, दूर करण्यात आली. सर्व माजी सैनिक आणि सोनेरी ताऱ्याची कुटुंबे यांना प्रवेशशुल्क माफ झाले. तरीही हा खात्याचा आदेश होता. एका आदेशाने दिलेले दुसऱ्या आदेशाने काढून घेता येते. म्हणून तो कायद्यात यावा यासाठी काँग्रेसमध्ये विधेयक मांडण्यात आले. आयोवा राज्याच्या प्रतिनिधी मॅरिॲनेट मिलर-मीक्स या विधेयकाच्या पुरस्कर्त्या होत्या आणि त्या स्वतः सैन्यात सेवा केलेल्या होत्या.

या विधेयकाला पुढे अलेक्झांडर लॉफग्रेन यांचे नाव देण्यात आले. लॉफग्रेन हे अफगाणिस्तानात सेवा बजावून परतलेले माजी सैनिक होते. ॲरिझोनाचे प्रतिनिधी राऊल ग्रिहाल्व्हा यांच्याकडे त्यांनी काम केले होते. निसर्गात रमणारा हा तरुण एप्रिल २०२१ मध्ये डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात अपघाताने मृत्युमुखी पडला. युद्धावरून परतलेल्या अनेकांना मोकळ्या रानात, डोंगरात मनाला स्वस्थता लाभते. त्या सर्वांसाठी हा कायदा त्यांच्या नावाने ओळखला जावा, असे सर्वपक्षीय सदस्यांना वाटले. २७ डिसेंबर २०२१ रोजी संरक्षणविषयक वार्षिक कायद्याचा भाग म्हणून तो मंजूर झाला. त्यानुसार ११ नोव्हेंबर २०२२ पासून माजी सैनिकांना आणि सोनेरी ताऱ्याच्या कुटुंबीयांना तहहयात पास मिळू लागला. सहा केंद्रीय खात्यांच्या अखत्यारीतील दोन हजारांहून अधिक स्थळी तो चालतो. राष्ट्रीय उद्यानांबरोबरच वनक्षेत्रे, पक्षी व वन्यजीव आश्रयस्थाने आणि धरणांचे जलाशय यांचा त्यांत अंतर्भाव होतो.

व्यवहारातील बारकावे

योजनेचे मोल तिच्या तपशिलात असते. म्हणून या पासाच्या अटी मी थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, रणांगणावर लढल्याची किंवा पदक मिळाल्याची अट त्यात नाही. स्वयंपाकघरात राबलेला आणि मशीनगन चालविलेला, दोघेही सारखेच. राखीव दलात सेवा केलेल्यांचाही समावेश आहे.

दुसरी गोष्ट पुराव्याची. माजी सैनिकासाठी असलेल्या ओळखपत्रांपैकी कोणतेही एक चालते. त्यात सैनिकी आरोग्यसेवेचे ओळखपत्र येते; इतकेच नव्हे, तर मोटार चालविण्याच्या परवान्यावर ‘माजी सैनिक’ अशी नोंद असली तरी ती पुरेशी मानली जाते. जो कागद माणसाच्या खिशात एरवीच असतो, तोच पुरावा म्हणून स्वीकारला आहे. हुतात्म्यांच्या कुटुंबीयांना तर एका छापील पत्रकावर आपण या वर्गात मोडतो, असे स्वतःच्या सहीनिशी लिहून द्यावयाचे असते. मृत्यूचा दाखला पुन्हा पुन्हा पुढे करण्याची वेळ त्यांच्यावर येत नाही. थोडे कोणी खोटे लिहून आत जातीलही. पण त्यांना अडविण्यासाठी प्रत्येक शोकग्रस्त मातेची उलटतपासणी करणे सरकारला योग्य वाटले नाही.

तिसरी गोष्ट, पासधारकाला एकट्याने आत जावे लागत नाही. मोटारीमागे शुल्क असेल तेथे त्याच्या मोटारीतील सर्वांना प्रवेश मिळतो. माणशी शुल्क असेल तेथे त्याच्यासह आणखी तीन प्रौढांना मिळतो. सोळा वर्षांखालील मुलांना शुल्क नसतेच. आजोबांनी नातवंडांना घेऊन जावे, शेजाऱ्याला बरोबर न्यावे, हे त्यात गृहीत धरले आहे.

चौथी गोष्ट, कुटुंब या शब्दाची व्याख्या उदार आहे. आई-वडील, सावत्र व दत्तक माता-पिता, सांभाळ करणारे पालक, मुले, सख्खे आणि सावत्र भाऊ-बहीण हे सर्व त्यात येतात. विधवा पत्नीने पुनर्विवाह केला तरी तिचा हा हक्क जात नाही. या शेवटच्या अटीकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो आणि थोड्या वेळाने तिच्याकडे पुन्हा येणार आहे.

योजनेच्या मर्यादा

या पासाचे कौतुक करताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तो केवळ प्रवेशशुल्कापुरता आहे. तंबू ठोकण्याच्या जागेचे भाडे, मार्गदर्शकाचे शुल्क, नौकाविहाराचा खर्च त्यात येत नाही. ज्याचे उत्पन्न बेताचे आहे आणि ज्याच्या घरापासून उद्यान हजार मैलांवर आहे, त्याला प्रवेश मोफत असूनही तेथपर्यंत पोहोचता येईलच असे नाही.

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, असा पास निवृत्तिवेतनाची, औषधोपचाराची किंवा रोजगाराची जागा घेऊ शकत नाही. युद्धातून परतलेल्या सैनिकाच्या मनावरील आघात ही त्या देशातील गंभीर समस्या आहे. डोंगरातील एक दिवस त्याला दिलासा देईल. परंतु डॉक्टरांची आवश्यकता त्यामुळे संपत नाही. शासनाने लहान सन्मान देऊन मोठे कर्तव्य विसरले, तर तो सन्मान पोकळ ठरतो. उलट मोठी कर्तव्ये पार पाडणारे शासन असा लहान सन्मानही देते, तेव्हा त्यात आपुलकी दिसते.

आपल्या दृष्टीने

महाराष्ट्राला सैनिकी परंपरा नवी नाही आणि सैनिकांच्या कुटुंबीयांविषयीची जाणीवही नवी नाही. रायगड जिल्ह्यातील माणगावनजीकचे नायक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चालून गेले आणि ते ठाणे घेतल्यावर वीरगतीला प्राप्त झाले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि तो त्यांच्या पत्नीने स्वीकारला. जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोंटोने या गावी, जेथील लोकांसाठी हा मराठा जवान पूर्णतः परका होता, त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातील स्मारक उभारण्यात आले. एका लहान इटालियन गावाने जवळजवळ ऐंशी वर्षांनी ही आठवण ठेवावी, यात आपल्याला आनंद वाटतो आणि थोडी आत्मपरीक्षणाची सूचनाही मिळते.

आपल्या देशातही अशा सन्मानाच्या काही व्यवस्था आहेत. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र यांच्या मानकऱ्यांना रेल्वे प्रवासाचा मानार्थ पास मिळतो. महाराष्ट्रात २०१८ मध्ये शहीद सन्मान योजनेखाली वीरपत्नींना एस. टी. च्या मोफत प्रवासाचा आजीव पास देण्याची सुरुवात झाली. २०२० मध्ये ग्रामपंचायतींच्या हद्दीतील माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नी यांना घरपट्टीत माफी देण्याचा निर्णय झाला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय या कामी मार्गदर्शन करते.

वीरपत्नीच्या पुनर्विवाहाचा उल्लेख मी मघाशी केला. आपल्याकडे शौर्यपदकाबरोबर मिळणारा भत्ता मानकऱ्याच्या निधनानंतर त्याच्या पत्नीला मिळतो. परंतु तिने पुनर्विवाह केला तर तो बंद होत असे. दिवंगत पतीच्या भावाशी विवाह केला तरच तो चालू राही. म्हणजे तिच्या पुढील आयुष्याचा निर्णय भत्त्याच्या नियमाने बांधला गेला होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ही अट रद्द केली. महर्षी कर्वे यांच्या महाराष्ट्राला या निर्णयाचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. हुतात्म्याच्या पत्नीचा मान हा तिने आयुष्यभर एकटे राहण्याचा मोबदला नव्हे.

तेव्हा उद्याने, अभयारण्ये, किल्ले, वस्तुसंग्रहालये यांच्या संदर्भात आपणही असा विचार करावा, असे मला सुचवावेसे वाटते. आपल्या गडकोटांचा इतिहास हा तर सैनिकांचाच इतिहास आहे. तो पाहावयास आलेल्या वीरमातेला तिकिटाच्या खिडकीपाशी थांबावे लागू नये, ही अपेक्षा अवास्तव नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या ताब्यातील उद्यानांपासून याची सुरुवात करता येईल. त्यासाठी मोठ्या तरतुदीची गरज नाही.

मात्र असे करताना अमेरिकेच्या अनुभवातून तीन गोष्टी घ्याव्यात. सन्मान पदकाच्या मानकऱ्यापुरता न ठेवता कुटुंबापर्यंत पोहोचवावा आणि कुटुंबाचा अर्थ संकुचित करू नये. तो नियमाने पक्का करावा, म्हणजे अधिकारी बदलला की सवलत बदलली, असे होणार नाही. आणि तो मिळविण्यासाठी लागणारे कागद शक्य तितके थोडे असावेत. सैनिक कल्याण कार्यालयाचे जे ओळखपत्र माजी सैनिकाजवळ वा वीरपत्नीजवळ असते, ते दाखविले की काम व्हावे. त्यासाठी तलाठ्याचा वेगळा दाखला आणि तीन प्रतींत अर्ज मागू नये.

या मेळाव्याला शासनाच्या विविध खात्यांचे कर्मचारी उपस्थित आहेत, म्हणून शेवटी त्यांना उद्देशून एक विनंती करतो. योजना मंत्रालयात आखली जाते, पण ती पूर्ण होते तुमच्या खिडकीपाशी. खेड्यातून आलेली एखादी वृद्ध माता कापडी पिशवीतून मुलाचे जुने ओळखपत्र काढते, तेव्हा तिला नियम पाठ नसतात; आपल्याला सवलत आहे, हेही पुष्कळदा ठाऊक नसते. ती मागेपर्यंत आपण थांबू नये. ‘आई, आपल्याला तिकीट नाही, आपण आत या,’ हे शब्द तिला आपण होऊन ऐकावयास मिळावेत. त्या क्षणी शासनाचे काही रुपये बुडतील. परंतु ज्याच्या जिवावर ते उद्यान, तो किल्ला आणि ती खिडकी सुरक्षित आहे, त्याच्या आईला आपण ओळखले, एवढे समाधान आपल्या पदरी पडेल.

जय हिंद, जय महाराष्ट्र.